ग्राफिक्स कार्ड महाग का होतं?

पैशांची जुळवाजुळव केली, तरी जाहीर किमतीत ग्राफिक्स कार्ड मिळेना. २०२१ मध्ये मोठ्या शहरांतही हीच स्थिती होती. मग ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्या, मनावरसारख्या छोट्या शहरातल्या विद्यार्थ्याने काय करावं? ही अडवणूक नेमकी कशातून आली, ते पाहू.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती. त्यात ८,७०४ छोटे गणक असतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर अवघड कामं एकामागून एक झपाट्याने उरकतो. हे कार्ड एकच साधी आकडेमोड हजारो ठिकाणी एकदम करतं. पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवायला तेच लागतं आणि इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगलाही, म्हणजे आकडेमोड करून ते चलन मिळवायलाही. त्यामुळे मायनिंगवाल्यांनी कार्डं घाऊक उचलली. कोविडकाळात संगणकांची मागणी वाढलेली होतीच. प्रगत चिप बनवणारे कारखाने मात्र मोजके आणि नवा उभारायला काही वर्षं लागतात.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग सोडलं आणि ती मागणी संपली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना तेच कारखाने आणि ग्राफिक्स कार्डांना मेमरी पुरवणाऱ्याच कंपन्यांची मेमरी हवी आहे. म्हणून टंचाई पुन्हा येऊ शकते.

अशा वेळी घाई करू नका. आपल्या सॉफ्टवेअरला किती मेमरी लागते ते आधी पाहा. जुनं कार्ड चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. नवं घेताना अनुक्रमांकासह पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्या.