महागाई आणि बेकारी : एका वक्ररेषेची कैफियत

राज्यकर्त्याला प्रजेच्या ज्या दोन तक्रारी कोणत्याही काळी ऐकून घ्याव्या लागतात, त्यांपैकी एक हाताला काम नसल्याची आणि दुसरी हाती आलेल्या पैशाला मोल नसल्याची असते. या दोन दुःखांचे परस्परांशी काही नाते असावे, किंबहुना एकाचे निवारण करू जावे तर दुसरे बळावते, असा संशय व्यवहारी माणसांना आणि अर्थशास्त्रज्ञांना फार दिवसांपासून होता. अमेरिकेतील अर्विंग फिशर यांनी तर १९२६ सालीच बाजारभावांतील चढउतार आणि बेकारी यांची सांगड आकड्यांनिशी घालून दाखविली होती. परंतु त्या संशयाला रेषेचे रूप आणि आपले नाव देण्याचा मान मिळाला तो न्यूझीलंडमधील एका दूधदुभत्यावर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘फिलिप्स वक्र’ या नावाने रूढ झालेल्या या रेषेवर गेल्या सहासात दशकांत जितकी भिस्त ठेवली गेली, तितकीच तिची निर्भर्त्सनाही झाली. तिचा जन्म, उत्कर्ष, अधःपात आणि अलीकडे तिच्याविषयी पुन्हा सुरू झालेला वाद यांचा आढावा घेताना एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवलेली बरी : मजुरीचा आणि मालाचा सौदा करताना माणसे कशी वागतात याची ही रेषा म्हणजे एक नोंद आहे, आणि वागणे बदलले की नोंदही बदलते. तिला सृष्टिनियम मानून राज्यकारभार हाकू पाहणारे जे फसले, ते एवढ्यासाठीच.

पाण्याचे यंत्र आणि सहा बिंदू

ॲल्बन विल्यम फिलिप्स यांचा जन्म १९१४ सालचा. विजेच्या कामाचे शिक्षण, ऑस्ट्रेलियात मगरींची शिकार, चीन व रशिया या मार्गाने इंग्लंडचा प्रवास, महायुद्धात जावा बेटावर जपान्यांच्या छावणीत काढलेली बंदिवासाची वर्षे आणि त्या छावणीत पहारेकऱ्यांची नजर चुकवून तयार केलेला रेडिओ, असा चरित्रक्रम अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वाट्यास क्वचितच येतो. युद्ध संपल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकण्यासाठी दाखल झालेल्या या गृहस्थांनी अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या विचाराचा उलगडा करून घेण्यासाठी, क्रॉयडन येथील घरमालकिणीच्या गॅरेजात, १९४९ साली चक्क पाण्यावर चालणारे एक यंत्र उभे केले. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि पंप यांच्या त्या उंच सांगाड्यातून रंगीत पाणी राष्ट्रीय उत्पन्नाप्रमाणे खेळत असे. कर, बचत आणि आयात यांच्या वाटा निरनिराळ्या असत, आणि एखादी झडप किंचित आवळली की उत्पन्नावर होणारा परिणाम यंत्राला जोडलेली लेखणी कागदावर उमटवू लागे. कोणती झडप किती फिरविली असता प्रवाह डळमळणार नाही, हाच फिलिप्स यांच्या बुद्धीचा नित्याचा प्रश्न होता. त्यांची प्रसिद्ध रेषा त्याच प्रश्नातून निघाली.

‘इकॉनॉमिका’ या त्रैमासिकाच्या नोव्हेंबर १९५८ च्या अंकात त्यांचा १७ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात १८६१ ते १९५७ या काळातील ब्रिटनमधील बेकारीचे प्रमाण आणि मजुरीच्या दरांतील वार्षिक वाढ ही एकमेकांसमोर मांडलेली होती. १८६१ ते १९१३ या ५३ वर्षांचे बेकारीच्या मानाने सहा गट पाडून, प्रत्येक गटाची सरासरी काढून, त्या सहा बिंदूंच्या आधारे त्यांनी एक वक्ररेषा बसविली. आणि नवल असे की, महायुद्धोत्तर १९४८ ते १९५७ ची वर्षेही पुष्कळशी त्याच रेषेच्या अवतीभवती येऊन पडली. कामकरी मिळेनासे झाले की मालक एकमेकांशी चढाओढ करून मजुरी वाढवितात. उलट काम नाही म्हणून मजुरीचा दर उतरवावा, तर त्यास कामकरी सहजासहजी राजी होत नाहीत. म्हणून रेषा डावीकडे उंच चढते आणि उजवीकडे जवळजवळ आडवी होते, अशी त्यांची उपपत्ती होती. उत्पादकता दरसाल २ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर बेकारी २.५ टक्क्यांच्या किंचित खाली असताना किमती स्थिर राहतील, आणि मजुरीचे दरच स्थिर ठेवावयाचे असतील तर बेकारी ५.५ टक्क्यांच्या आसपास असावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निबंधातील दोन गोष्टींकडे पुढे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले. आयात मालाच्या किमती एकाएकी फार चढल्या, तर त्या वर्षांत हे नाते टिकणार नाही, अशी पुस्ती फिलिप्स यांनी स्वतःच जोडली होती. दुसरी गोष्ट आकड्यांच्या उगमाची. पहिल्या महायुद्धापूर्वीचे बेकारीचे आकडे मिळाले होते ते आपल्या बेकार सभासदांना मदत देणाऱ्या कामगार संघांच्या दप्तरांतून. म्हणजे ती बेकारी संघटित कारागिराची होती, गोदीवर रोज पहाटे उभ्या राहणाऱ्या रोजंदारीच्या हमालाची नव्हे. ज्याची नोंद कोणीच ठेवीत नव्हते, त्याला त्या रेषेत स्थान मिळणे शक्यच नव्हते.

धोरणकर्त्यांची निवड

दोनच वर्षांत, १९६० साली, पॉल सॅम्युअल्सन आणि रॉबर्ट सोलो यांनी ही रेषा अमेरिकेच्या आकड्यांवर बसवून पाहिली, आणि मजुरीच्या जागी किमती घातल्या. किमती स्थिर हव्या असतील तर ५ ते ६ टक्के बेकारी सोसावी, आणि बेकारी ३ टक्क्यांवर आणावयाची असेल तर दरसाल ४ ते ५ टक्के भाववाढ पत्करावी, असा त्यांचा अंदाज होता. ही रेषा कालांतराने जागा सोडू शकेल, असा इशाराही त्यांनी दिलाच होता; पण इशारे तळटीपांत राहतात आणि तक्ते मंत्र्यांच्या मेजावर जातात. सरकारला काहीशी महागाई देऊन काहीसा रोजगार विकत घेण्याची मुभा आहे, ही कल्पना त्या दशकात रूढ झाली, आणि तेजीचा काळ असल्यामुळे ती काही वर्षे खरीही ठरली.

तिच्यावर पहिला आघात झाला तो तर्काचा. १९६७ साली एडमंड फेल्प्स यांनी, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना मिल्टन फ्रीडमन यांनी, जवळजवळ एकच आक्षेप स्वतंत्रपणे मांडला. कामगाराचे लक्ष पाकिटातील नोटांच्या संख्येवर नसून त्यांतून काय खरीदता येईल यावर असते. सरकारने चलन सैल सोडले म्हणजे प्रथम मालाचे भाव चढतात, मजुरी मागे राहते, मालकाला माणसे स्वस्त पडतात आणि बेकारी घटते. परंतु वर्षा-दोन वर्षांत कामगार शहाणा होतो, येत्या भाववाढीचा अंदाज धरून करार मागू लागतो, आणि बेकारी पूर्वीच्या पातळीवर परतते. महागाई मात्र परतत नाही. बेकारी तरीही त्या पातळीखाली दाबून धरावयाची असेल, तर महागाई दरसाल अधिकाधिक वाढवीत नेणे भाग पडते. या पातळीला फ्रीडमन यांनी ‘नैसर्गिक दर’ म्हटले; ती ईश्वरदत्त किंवा अचल आहे असे मात्र त्यांचेही म्हणणे नव्हते, कारण कायदे, संघटना आणि श्रमबाजाराची रचना यांनी ती बदलते हे त्यांनी स्पष्ट केले होते.

अनुभवाने तर्काची सत्वर पाठराखण केली. १९७३ च्या ऑक्टोबरातील अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला, आणि फिलिप्स यांची विसरली गेलेली पुस्ती आठवावी अशी परिस्थिती निर्माण झाली. १९७५ साली ब्रिटनमध्ये भाववाढ २४ टक्क्यांवर होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील बेकारी ९ टक्क्यांना भिडली. महागाई आणि मंदी एकाच घरात नांदू लागल्या. १९७६ साली ब्लॅकपूल येथील मजूर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी, खर्च वाढवून मंदीतून सुटण्याचा मार्ग आता उरलेला नाही, अशी कबुली पक्षबंधूंपुढे दिली. त्याच वर्षी रॉबर्ट ल्यूकस यांनी आक्षेपाला व्यापक रूप दिले : धोरण बदलताच लोक आपले आडाखे बदलतात, म्हणून जुन्या धोरणाच्या काळातील आकड्यांवरून नव्या धोरणाचे फळ वर्तविणे हे मुळातच सदोष होय.

इलाजाचे मोल

आडाखे बदलल्याने रेषा वर सरकली असेल, तर त्यांना पुन्हा खाली आणण्यास काय पडते, याचा प्रयोग १९७९ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, फेडरल रिझर्व्हची, सूत्रे हाती घेतलेल्या पॉल व्होल्कर यांनी केला. १९८० च्या मार्चमध्ये भाववाढ १४.८ टक्क्यांवर होती. व्होल्कर यांनी चलनाची गळचेपी केली, अल्पमुदतीचे व्याजदर १९८१ साली २० टक्क्यांच्या आसपास गेले, आणि १९८३ साली भाववाढ ३ टक्क्यांच्या घरात आली. पण मधल्या काळात, १९८२ च्या अखेरीस, बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली होती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये बँकेच्या इमारतीभोवती ट्रॅक्टर आणून उभे केले. घरे बांधणाऱ्या कंत्राटदारांनी, कोणी घरच घेईना म्हणून पडून राहिलेल्या लाकडाचे तुकडे व्होल्कर यांच्या पत्त्यावर टपालाने धाडले, आणि त्यांवर व्याजदर उतरविण्याची विनवणी लिहिलेली असे. अल्पकाळापुरते फिलिप्स यांचे नाते खरे आहे, याचा याहून जळजळीत पुरावा कोणत्याही निबंधात सापडणार नाही.

आपल्याकडील हिशेब

ही रेषा आपल्या देशावर बसवू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते. महाराष्ट्राचीच १९७२ ते १९७५ ही वर्षे घ्या. १९७२ च्या दुष्काळात पीक बुडाले, त्याबरोबर शेतमजुराचे काम बुडाले, आणि त्याच कारणाने धान्याचे भाव कडाडले. म्हणजे बेकारी आणि महागाई ही दोन्ही एकाच न पडलेल्या पावसाची अपत्ये होती. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती, आणि वि. स. पागे यांच्या पुरस्काराने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ साली कायद्याचे रूप आले. इकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार समितीच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारने १९७४ साली वेतनवाढीची सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत अडकविली. रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप त्याच वर्षी मे महिन्यात झाला आणि मोडला गेला. १९७४-७५ साली घाऊक किमतींची सरासरी वाढ सुमारे २५ टक्के होती, ती पुढच्या वर्षी शून्याखाली उतरली. त्यात चलनाच्या आवळणीचा वाटा होता, तसा १९७५ च्या चांगल्या पावसाचाही होता.

दुसरी अडचण मोजमापाची. ज्याच्याजवळ शिल्लक नाही आणि ज्याला बेकारभत्ता नाही, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो हातगाडी लावतो, भावाच्या शेतावर खपतो, नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम उचलतो, आणि गणतीत कामकरी ठरतो. त्यामुळे मंदीचा फटका येथे बेकारीच्या टक्केवारीत कमी आणि कामाच्या दिवसांत व मजुरीत अधिक दिसतो. मजुरीची घासाघीस करणारा आणि भत्त्याच्या निर्देशांकाशी बांधलेला कामगार हा येथे मूठभर आहे. फिलिप्स यांच्या दप्तरात नसलेला गोदीवरचा हमाल आपल्याकडे बहुसंख्य आहे. शिवाय २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार सुमारे ४६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये भाववाढ ७.४४ टक्क्यांवर गेली ती प्रामुख्याने टोमॅटो आणि भाजीपाला कडाडल्यामुळे, आणि व्याजदर वाढवून टोमॅटोचे पीक लवकर येत नाही.

अलीकडची वर्षे

मध्यवर्ती बँकेने भाववाढीचे लक्ष्य उघडपणे जाहीर करावे, हा पायंडा १९८९ च्या कायद्याने प्रथम घातला तो फिलिप्स यांच्या जन्मभूमीनेच. लोकांना त्या लक्ष्याचा भरवसा वाटू लागला तशी रेषा पुष्कळ ठिकाणी सपाट होत गेली. २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बेकारी १० टक्क्यांवर गेली तरी किमती कोसळल्या नाहीत, आणि २०१९ साली ती ३.५ टक्क्यांवर उतरली तरी भडकल्या नाहीत. मग महामारी आली आणि जून २०२२ मध्ये तेथील भाववाढ ९.१ टक्के झाली. ती आटोक्यात आणावयाची तर पाच वर्षे ५ टक्क्यांहून अधिक किंवा एक वर्ष १० टक्के बेकारी सोसावी लागेल, असा हिशेब माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी त्याच महिन्यात मांडला. प्रत्यक्षात २०२३ च्या मध्यापर्यंत भाववाढ ३ टक्क्यांजवळ आली आणि बेकारी ४ टक्क्यांच्या आत राहिली. मालाचा तुंबलेला पुरवठा मोकळा झाला. मालकांनी माणसे काढण्याऐवजी रिकाम्या जागांच्या जाहिराती आवरत्या घेतल्या. आणि महागाई कायमची ठाण मांडून बसेल अशी धास्ती लोकांच्या मनात रुजली नव्हती. १९८२ आणि २०२३ या दोन इलाजांच्या किमतींत जे अंतर पडले, त्याचे बरेचसे कारण या तिसऱ्या गोष्टीत आहे.

सारांश, हे नाते खोटे नाही; ते अल्पजीवी आहे, आणि भाव मागणीने चढले, तुटवड्याने चढले की लोकांच्या धास्तीने चढले यानुसार त्याचे स्वरूप पालटते. हे निदान करणे अर्थशास्त्रज्ञाचे काम होय. परंतु महागाई उतरविण्यासाठी कोणाचा रोजगार जावा, हा प्रश्न त्याच्या अधिकारातला नव्हे. आपल्याकडे रिझर्व्ह बँक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार भाववाढीचे ४ टक्क्यांचे लक्ष्य आणि २ ते ६ टक्क्यांची मर्यादा ठरली. ती लागोपाठ तीन तिमाह्या मोडली तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणे लेखी कळवावयाची आहेत, आणि २०२२ साली तशी ती कळविलीही गेली. बेकारीबद्दल अशी कैफियत देण्याचे बंधन मात्र या कायद्याने कोणावरही घातलेले नाही. ज्या दोन तक्रारींचा एकमेकींशी इतका निकट संबंध आहे, त्यांपैकी एकीचाच जाब मागण्याची तरतूद असेल, तर दुसरीचा भार नेहमी त्याच्यावर पडेल ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून त्या भाराचा हिशेब संसदेत आणि विधिमंडळात उघडपणे मांडला जावा, ही मागणी अर्थशास्त्राची नसली तरी नागरिकाची निश्चित असली पाहिजे.