केमोनंतरचं विसरणं: चाचणीत दिसलं नाही म्हणजे नाहीच का?

मागच्या व्याख्यानात आपण तर्कसंग्रहातली ज्ञानाची विभागणी पाहिली, स्मृती आणि अनुभव. शेवटी एका भगिनींनी उठून विचारलं होतं, "सर, स्तनाच्या कर्करोगासाठी केमो झाल्यापासून मला नीट आठवत नाही. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. मग खरं कोणाचं?" वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न आपण आजसाठी ठेवला.

आम्ही वैद्य नाही, तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण या प्रश्नाला आमच्या घरी एक उत्तर आहे, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. आमच्या सौ. बँकेत होत्या. आकड्यांच्या उभ्या रकान्यावरून नजर फिरवून बेरीज सांगायच्या. शस्त्रक्रिया झाली, केमोच्या सायकली झाल्या, केस परत आले, तोंडाला चव आली. सगळे म्हणाले, सुटलात. पण दूधवाल्याचा हिशेब जुळेना. फोडणीत मोहरी तडतडायची आणि पुढे काय घालायचं ते सुचायचं नाही. "ते द्या ना, ते... भाजी हलवायचं," म्हणत हात हवेत फिरायचा, 'उलथणं' हा शब्द काही यायचा नाही. आम्ही काय म्हणालो? "अगं, वयानं होतं. माझंही होतं." शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तारीख विचारली, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. जवळजवळ पैकीच्या पैकी गुण. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलतेय का, अहो?" आम्ही गप्प राहिलो.

आता इथे आपली जुनी मंडळी मदतीला येतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर तिथे घट नाही असं म्हणता येईल का? नाही. उजेड असता, डोळे नीट असते, आणि घट असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती असेल, तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. डॉक्टरांच्या खोलीतली ती दहा मिनिटांची चाचणी मुख्यतः स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, पकडण्यासाठी बनवलेली आहे. शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एकच काम. स्वयंपाकघरात मात्र गॅस, फोन आणि दाराची बेल एकदम असते. शिवाय चाचणी तुमची तुलना सरासरी माणसाशी करते, कालच्या तुमच्याशी नाही. मुळात नव्वदीत असलेली बाई पंच्याहत्तरीवर आली, तर कागदावर ती 'नॉर्मल'च राहते. फरक फक्त तिलाच कळतो.

मग उजेड वाढवला तर काय दिसतं? २००७ साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी साठ वर्षांच्या एकरूप जुळ्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकीला स्तनाचा कर्करोग होऊन केमो झालेली, दुसरीला काहीच नाही. जनुकं तीच, म्हणून तुलना मोलाची. लेखी-तोंडी चाचण्यांत दोघींमध्ये फरक थोडाच आला. केमो झालेल्या बहिणीच्या तक्रारी मात्र कितीतरी जास्त होत्या. एमआरआय काढला तेव्हा तिच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात अधिक खुणा दिसल्या, आणि लक्षात ठेवण्याचं तेच काम करताना तिच्या मेंदूचा अधिक विस्तृत भाग कामाला लागलेला दिसला. बघा हं, निकाल जवळपास सारखा, पण तो काढायला कष्ट जास्त. एकच पिशवी दोघी वर नेतात, एक लिफ्टने, दुसरी चार जिने चढून. पोचल्यावर पिशवी तीच, पण धाप कोणाला लागलीय ते विचारावं लागतं.

हा दाखला एकाच जोडीचा. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॅनियल सिल्व्हरमन यांच्या गटाने, उपचार होऊन पाच ते दहा वर्षं झालेल्या स्त्रियांचे पेट स्कॅन केले. आठवण्याचं काम दिलं की त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इतरांपेक्षा जास्त राबावं लागत होतं. पुढे २०१७ साली अमेरिकेतच स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ स्त्रिया आणि कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रिया यांची तुलना झाली. केमोच्या आधी आणि नंतर त्यांनाच विचारलं. केमो संपताना शंभरातल्या सुमारे ४५ जणींनी लक्षणीय घसरण सांगितली, दुसऱ्या गटात सुमारे १० जणींनी. सहा महिन्यांनी हेच आकडे साधारण ३६ आणि १४ होते.

हे होतं कसं? मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची एक चाळणी असते, ती बहुतेक औषधं आत सोडत नाही. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रंगामुळे 'लाल औषध' म्हणतात, ते फारसं आत जात नाही. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की त्यामुळे शरीरात दाहाचे रासायनिक निरोप वाढतात आणि ते मेंदूपर्यंत पोचतात. म्हणजे चोर फाटकाबाहेर आहे, पण आरडाओरड्यानं घरातली झोप उडालीय. दुसरी गोष्ट, मज्जातंतूंवर वायरीच्या वेष्टनासारखं मायलिन असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातात. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांना मेथोट्रेक्सेट दिलं. मेंदूतल्या पहारेकरी पेशी बिथरल्या आणि मायलिन घडवणाऱ्या पेशी नीट तयार होईनात. पहारेकरी पेशी औषधानं कमी केल्यावर सुधारणा झाली. हे उंदरांमधलं आहे, माणसांसाठी तयार औषध नव्हे. पण 'मनाचे खेळ' म्हणून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही, एवढं यातून कळतं.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपण वकिली करू. सगळा दोष केमोचा नाही. ह्यूस्टनच्या एका अभ्यासात केमो सुरू होण्याआधीच सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या चाचण्या कमी आल्या होत्या. आजार स्वतः, शस्त्रक्रिया, भीती, उडालेली झोप, कमी हिमोग्लोबिन, केमोमुळे अचानक थांबलेली पाळी, नंतरच्या हार्मोनच्या गोळ्या, सगळ्यांचा वाटा असू शकतो. शिवाय थकवा आणि उदासी असली की तक्रार वाढते, हेही खरं. म्हणून आता तज्ज्ञ नुसतं 'केमो ब्रेन' न म्हणता कर्करोगाशी संबंधित बौद्धिक अडचण असं व्यापक नाव वापरतात. आणि हा डिमेन्शिया नव्हे. बहुतेक जणींना महिन्यांगणिक बरं वाटत जातं, काही जणींमध्ये ते वर्षानुवर्षं रेंगाळतं.

म्हणून त्या भगिनींना आमचं उत्तर असं. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द, म्हणजे जो वस्तू जाणतो आणि जशी आहे तशी सांगतो त्याचा. तुमचं मन आतून कसं चालतंय याबाबत तुमच्याहून जवळचा आप्त कोण? तरी नैयायिक हेही सांगतात की कुठलंही ज्ञान स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः देत नाही, ते पडताळावं लागतं. तेव्हा तुमचा शब्द आधी मान्य करायचा, मग कारणं तपासायची. डॉक्टरांना नुसतं "विसरते" सांगू नका. कधी, काय करताना, आधी काय जमायचं, हे आठवडाभर लिहून न्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आणि मनःस्थिती यांबद्दल विचारा. रोज चाला. एका वेळी एकच काम करा, वही जवळ ठेवा. आणि या भीतीनं केमो मात्र टाळू नका. तिच्यामुळे जीव वाचतात, आमच्या घरातला वाचलाय.

घरच्या माणसांना, विशेषतः आमच्यासारख्या नवऱ्यांना, एकच सांगणं. "वयानं होतं" हे वाक्य सांत्वन म्हणून म्हटलं जातं, ऐकणारीला ते 'तुझं काही खरं नाही' असं ऐकू येतं. आम्हाला हे कळायला आठ महिने लागले. ज्या दिवशी "तुला अवघड जातंय, दिसतंय मला" एवढं म्हणालो, त्या दिवशी त्या रडल्या, आणि मग दुधाची वही आमच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "बेरीज तुम्ही करा, तपासते मी." आमची चुकली होती, सहा रुपयांनी. त्यांनीच पकडली.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊया.