निळ्या इंधनातले शिसे : छोट्या विमानांच्या वैमानिकांपुढील पेच

छोटे विमान उडवणारा वैमानिक उड्डाणापूर्वी पंखाखाली वाकतो, टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढतो आणि ते उजेडात धरून पाहतो. पाण्याचा थेंब किंवा कचरा नाही ना, हे तो तपासतोच. पण रंगही न्याहाळतो. रंग फिकट निळा असला की टाकीत योग्य इंधन आहे, अशी त्याची खात्री पटते. हा निळा रंग ओळखीसाठी मुद्दाम मिसळलेला असतो. ज्या '१००एलएल' विमान-पेट्रोलाची तो खूण आहे, त्यात आजही शिसे असते. ते काढायचे कसे, कधी आणि कोणाच्या खर्चाने, यावरून अमेरिकेतील खासगी व हौशी वैमानिकांमध्ये काही वर्षांपासून तीव्र मतभेद आहेत.

नावातील 'एलएल' म्हणजे 'लो लेड', अर्थात कमी शिसे. हे 'कमी' मात्र त्याआधीच्या इंधनाच्या तुलनेतले आहे. १००एलएलच्या एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. मोटारींच्या पेट्रोलातून शिसे भारताने २००० साली हद्दपार केले. २०२१ मध्ये अल्जीरियाने त्याची विक्री थांबवल्यावर जगात कोठेही मोटारींसाठी असे पेट्रोल उरले नाही. मोठी प्रवासी विमाने रॉकेलसारख्या इंधनावर उडतात, त्यात शिशाचा प्रश्नच नाही. शिसे उरले ते पिस्टन इंजिनांच्या छोट्या विमानांत. अमेरिकेत अशी विमाने पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत आणि त्या देशात हवेत मिसळणाऱ्या शिशापैकी सुमारे ७० टक्के त्यांच्यातून येते.

शिसे घालण्याचे कारण इंजिनाच्या पोटात आहे. सिलिंडरमध्ये वायू फार दाबला गेला की ठिणगी पडण्याच्या बेताने जळण्याऐवजी त्याचा एकदम भडका उडतो आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसू लागतात. मोटारीत अशी खडखड ऐकू आली तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. आकाशात कडेला थांबण्याची सोय नाही. टेट्राएथिल लेड हे संयुग हा भडका रोखते, हे १९२१ साली अमेरिकेत लक्षात आले आणि शंभर वर्षे ते टिकून राहिले. कमी दाबाची बहुसंख्य इंजिने कमी ऑक्टेनच्या बिनशिशाच्या इंधनावर चालू शकतात. पण उरलेली, साधारण तीस टक्के असलेली ताकदवान इंजिनेच सुमारे सत्तर टक्के इंधन पितात. खरी अडचण त्यांचीच आहे.

वादाला धार आली ती कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळामुळे. दाट, कष्टकरी वस्तीने वेढलेल्या या छोट्या विमानतळाच्या परिसरातील मुलांच्या रक्ताच्या सुमारे १७ हजार नमुन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानतळाजवळ, विशेषतः वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक आढळले. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने तेथे १००एलएलची विक्री बंद केली. पाठोपाठ ऑक्टोबर २०२३ मध्ये, विमानांतून येणारे शिसे जनतेच्या आरोग्यास धोका आहे, असा औपचारिक निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोंदवला.

वैमानिकांना शिशाचे प्रेम आहे, असा समज करून घेणे अन्यायाचे ठरेल. शिशाचे खडे स्पार्क प्लगमध्ये साचतात, तेल लवकर खराब होते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. विमानतळाच्या शेजारी त्यांचीही मुले वाढतात. त्यांचा आक्षेप घाईला आहे. एका विमानतळावर इंधन मिळेल आणि दुसऱ्यावर नाही, अशी स्थिती आली तर टाकीतल्या इंधनाचा हिशेब चुकण्याची आणि चुकीचे इंधन भरले जाण्याची भीती ते बोलून दाखवतात. ही भीती अगदीच निराधार नाही.

नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली प्रशिक्षण विमाने ९४ ऑक्टेनच्या बिनशिशाच्या इंधनावर चालवायला घेतली. काही महिन्यांतच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजून खोल जात असल्याचे तपासणीत दिसले आणि विद्यापीठ पुन्हा निळ्या इंधनाकडे वळले. 'जी१००यूएल' या १०० ऑक्टेनच्या बिनशिशाच्या इंधनाला तर सप्टेंबर २०२२ मध्येच ठिणगीवर चालणाऱ्या सर्व पिस्टन विमान-इंजिनांसाठी मान्यता मिळाली होती. तरीही एका मोठ्या विमान-निर्मात्याने २०२४ मध्ये आपल्या विमानांत ते वापरण्यास संमती नाकारली आणि वॉरंटीबाबतही इशारा दिला. काही मालकांनी रंग खराब झाल्याच्या, टाक्यांचे सीलंट सुटल्याच्या तक्रारी केल्या. इंधन बनवणाऱ्या कंपनीने दोष जुन्या सीलंटकडे दाखवला. सरकारी मान्यता आहे, निर्मात्याची संमती नाही, अशा वेळी लाखो रुपयांच्या इंजिनाची जोखीम मालकाच्याच डोक्यावर येते. त्यातच बिनशिशाची निरनिराळी इंधने सगळीच एकमेकांत मिसळता येत नाहीत.

कायद्याने दोन्ही बाजूंना मुदत दिली आहे. २०२२ साली १००एलएल विकणाऱ्या विमानतळांनी २०३० अखेरपर्यंत, किंवा योग्य पर्याय त्याआधी उपलब्ध झाल्यास तोपर्यंत, ते विकत राहावे, असे २०२४ च्या संघराज्य कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात त्याची विक्री १ जानेवारी २०३१ पासून बंद होईल.

हलक्या विमानांची काही इंजिने मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात. अमेरिकेत सेसना १५० साठी अशी परवानगी १९८२ सालीच मिळाली. अट एकच, पेट्रोलात इथेनॉल नसावे. इथेनॉल पाणी ओढून घेते, रबराचे भाग खराब करते. ऊस उत्पादकाला हात देणारे इथेनॉल छोट्या विमानाला मात्र मानवत नाही आणि आपल्याकडच्या पंपांवर आता वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल आले आहे.

या साऱ्या वादाचा एक धागा वडोदऱ्यापर्यंत येतो. हे विमान-पेट्रोल भारत पूर्णपणे आयात करत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या कोयली येथील गुजरात रिफायनरीत तयार केलेले १००एलएल बाजारात आणले. बेळगावच्या सांबरा विमानतळासह देशातील प्रशिक्षण संस्थांच्या पिस्टन विमानांना त्यामुळे देशी इंधनाचा मार्ग खुला झाला. जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनांची काही विमाने आपल्याकडील प्रशिक्षणात आहेत आणि त्यांच्या टाकीत शिसे जात नाही. कोयलीत तयार होणाऱ्या पेट्रोलात ते असतेच; रंगही तोच, निळा.