राजाबाई टॉवरावरील चोवीस माणसें

मुंबईस प्रथमच आलेल्या पाहुण्यास राजाबाई टॉवर दाखविला नाहीं, असें सहसा होत नाहीं. पाहुणा मान वर करतो, आपलें घड्याळ वरच्या घड्याळाशीं ताडून पाहतो आणि मंडळी पुढें चालूं लागतात. परंतु त्याच मनोऱ्याच्या अंगावर, बऱ्याच उंचीवर, पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे चोवीस दगडी पुतळे आहेत, हें मुंबईंत जन्म काढलेल्यांपैकींही थोड्यांनाच ठाऊक असतें.

टॉवराची हकीकत सर्वश्रुत आहे. शेट प्रेमचंद रायचंद यांनीं विद्यापीठास मोठी देणगी दिली. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचें नांव पडलें. १ मार्च १८६९ रोजीं पायाभरणी झाली, नोव्हेंबर १८७८ मध्यें काम पुरें झालें. उंची २८० फूट. आराखडा लंडनचे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत, तरी इमारतीबरोबर नांव निघतें तें त्यांचेंच! पुतळ्यांचे नमुने तयार केले ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक इंजिनिअरांनीं. जुन्या प्रवासी-मार्गदर्शिकांतील एखाद्या ओळीपलीकडे या गृहस्थांची कोणी फारशी वास्तपुस्त केलेली नाहीं. कमानी लंडनमध्यें बसून काढतां येतात. पगडीचा पीळ काढावयास मुंबईचाच माणूस पाहिजे.

त्या काळीं मनुष्य कोण, हें त्याच्या डोक्याकडे पाहून सांगतां येत असे. ब्राह्मणाची चक्रीदार पगडी, भाट्याची चोंचदार, पारशाची निराळी, मराठ्याचें पागोटें त्याहून निराळें. म्हणून पुतळे ओळखूं पाहणाऱ्यानें प्रथम शिरोभूषणें न्याहाळावीं. तुलनेस विल्यम जॉन्सन यांचें मुंबईच्या रहिवाशांवरील सचित्र पुस्तक उपयोगी पडतें. त्याचे दोन भाग १८६३ व १८६६ सालीं निघाले. मात्र त्यांतील माणसांचे फोटो निराळे काढून मागून देखाव्यांवर बसविलेले आहेत. तेव्हां पोषाखावर विश्वास ठेवावा, पार्श्वभागावर नव्हे.

हीं माणसें निवडण्यामागील दृष्टि आज खटकते. टॉवर उभा राहत असतांनाच, १८७२ च्या सुमारास, सरकारनें देशभर पहिली शिरगणती केली. माणसांचे वर्ग पाडून ते मांडून ठेवण्याचा तो हौसेचा काळ होता. चोवीसांपैकीं प्रत्येकाला जमात आहे, नांव एकालाही नाहीं.

फोटो काढणें वाटतें तितकें सोपें नाहीं. अगदीं खालीं उभें राहून कॅमेरा वर रोखला, तर नाकाआधीं हनुवटी दिसते आणि पगडी पार नाहींशी होते. ओव्हल मैदानांत पुष्कळ मागें सरकावें व लांब पल्ल्याची लेन्स लावावी. मैदानाकडील बाजू पश्चिमेची; सकाळीं ती सावलींत असते. दुपार कलल्यावर ऊन बाजूनें सरकूं लागलें, कीं वस्त्राच्या चुण्या एकेक उठून दिसतात. पूर्वेकडील पुतळ्यांसाठीं मात्र सकाळींच, विद्यापीठाची परवानगी काढून, आवारांत गेलें पाहिजे. पावसाळा नुकताच सरल्यावर हवा धुतलेली असते. तेवढे दिवस साधावेत.

ही खटपट कशाला? येथील कोरीव कामाचा पोरबंदरी दगड चुनखडीच्या जातीचा. तो कोरण्यास मऊ, म्हणूनच झिजण्यासही मऊ. त्यांत समुद्राची खारी हवा. २०१५ सालीं टॉवराचा जीर्णोद्धार पुरा झाला आणि २०१८ मध्यें हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशांत आला, ही समाधानाची गोष्ट खरी. पण कोणाचें नाक केव्हां झिजलें, हें सांगणारी फोटोंची माळ जुळवायची तर जुने फोटोही हवेत.

तें काम वाचकांच्या घरींच होण्याजोगें आहे. पदवीदानाचें सभागृह टॉवराला लागूनच. आजोबांचा, काकांचा, आत्याबाईंचा झगा घालून काढलेला फोटो पुष्कळ घरांत असेल आणि पदवीचें साल तर प्रमाणपत्रावर छापलेलेंच असतें. तो फोटो भिंतीवरून उतरवावा, आणि आजोबांच्या खांद्यामागें मनोरा आला असेल, तर भिंग घेऊन वरच्या कोनाड्यांकडे पाहावें.