लाल तेल, दाट तेल आणि आमची ओम्नी

कामठ्यात आमच्या घरासमोर उभी असते ती जुनी मारुती ओम्नी सकाळी शाळेची मुले नेते आणि दुपारनंतर घरची कामे करते. कंपनीने ओम्नी बनवणे 2019 मध्ये थांबवले, म्हणून आहे तीच जपायची. गेल्या उन्हाळ्यात तिसरा गिअर टाकताना ती कुरकुरू लागली. एका गॅरेजवाल्याने सांगून टाकले, "गिअरचे तेल कधी बदलावे लागत नाही, मास्तर." दुसऱ्यांची लेकरे रोज आपल्या भरवशावर बसतात, ती अमानत आहे. मन मानेना.

त्याच सुमारास धाकटा भाऊ दम्मामहून सुटीवर आला. तिकडे तो ऑटोमॅटिक व्हॅन चालवतो. "भाईजान, घरीच बदलू," म्हणाला आणि लाल तेलाचा डबा घेऊन आला. डब्याचे झाकण उघडण्याआधी गाडीचे पुस्तक चाळले म्हणून बरे झाले. ते तेल आमच्या गाडीचे नव्हतेच.

ऑटोमॅटिक गाडीत तेल फक्त वंगण नसते. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलातूनच पुढे जाते आणि तेलाच्या दाबानेच गिअर बदलतात. म्हणून ते पातळ असते, आणि ओळखू यावे म्हणून बहुधा लाल रंगवलेले. आमच्या ओम्नीत दातेरी चाके एकमेकांवर घासतात. त्यांना दाट, गंधकाचा वास येणारे गिअर ऑइल लागते. शिवाय ओम्नी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे तेलाच्या जागा दोन: एक गिअरबॉक्स, दुसरी मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल. दोन्हीकडे एकच तेल चालेल असे गृहीत धरू नका. डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 लिहिलेले असते. काही जीएल-5 तेले गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत.

हल्ली 'ऑटो गिअर शिफ्ट'च्या गाड्याही दिसतात. मारुतीने 2014 मध्ये सेलेरिओपासून त्या आणल्या. क्लच दाबावा लागत नाही म्हणून लोक त्यांनाही ऑटोमॅटिक म्हणतात, पण आतला गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो. लाल तेल तिथेही आपल्या अंदाजाने ओतू नये.

रविवारी फजरनंतर कामाला लागलो. गाडी थोडी फिरवून आणली, कोमट तेल नीट वाहते. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये, विटांच्या थप्पीवर तर मुळीच भरवसा नको, वीट अचानक फुटते. आम्ही चार लोखंडी स्टँड मागून आणले. फक्त पुढचा भाग उचलला तर तेलाची पातळीही चुकते.

एक गोष्ट भावाने बरोबर सांगितली: आधी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सैल करून पाहा, मगच खालचा काढा. खालचा काढला, तेल गेले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी अंगणातच अडकते. आमचा वरचा बोल्ट खरोखर घट्ट होता. अर्धा तास त्यातच गेला.

तेल काळेकुट्ट निघाले. खालच्या बोल्टवर करडा, मऊ लेप होता. तो झिजेचा, त्याची चिंता नसते. धातूचे तुकडे सापडले असते तर मेकॅनिककडे जावेच लागले असते. नवे तेल पिचकारीने भरले. वरच्या भोकातून बारीक धार परत येऊ लागली की पुरे.

ऑटोमॅटिक गाडीत हे इतके सोपे नाही. खालून निम्मेअधिक जुने तेल निघतच नाही, कन्व्हर्टरमध्ये राहते. निघाले तेवढेच मोजून भरावे लागते. काही गाड्यांत तर मोजपट्टीच नसते, ठरावीक तापमानाला पातळी पाहावी लागते. अशी गाडी असेल तर घरचा खटाटोप नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले जुने तेल. शेजारचे चाचा म्हणाले, "वाळवीला ओता, बेस्ट औषध." आमची विहीर तिथून वीस पावलांवर. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करण्यापासून पैगंबर साहेबांनी (स.) बजावले आहे, ते आपण मुलांना शिकवतो. सरकारच्या 2016 च्या नियमांतही वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून झाकण लावले आणि गोंदियाला जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे दिले.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी तो कोरडा होता. तिसरा गिअर आता गुपचूप पडतो, अलहमदुलिल्लाह. लाल तेलाचा बंद डबा भावाने दुकानात परत केला. दुकानदाराने थोडी कुरकुर केली, पण पैसे दिले.