अक्षराची सक्ती आणि अर्थाचे स्वातंत्र्य

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना आपण सामान्यतः लोकशाहीशी जोडतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत मात्र तिचा उगम धर्मनिष्ठेत झाला, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

१६३० साली तेथे मोठ्या संख्येने आलेले प्यूरिटन लोक इंग्लंडच्या चर्चमधील कर्मकांडाविषयी असंतुष्ट होते. बायबल हेच धर्माचे अंतिम प्रमाण आणि ते ज्याने त्याने स्वतः वाचले पाहिजे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १६३६ साली, त्यांनी एका महाविद्यालयासाठी पैसा मंजूर केला. जॉन हार्वर्ड या तरुण धर्मोपदेशकाने १६३८ साली मृत्युसमयी आपली निम्मी मालमत्ता व सुमारे ४०० ग्रंथ त्यास दिले. त्याचेच नाव त्या संस्थेस मिळाले.

१६४२ च्या कायद्याने मुलांना वाचता यावे, आणि धर्माची तत्त्वे व देहदंडाचे कायदे समजावेत, ही जबाबदारी आईबाप व मालक यांच्यावर टाकली. १६४७ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. लोकांना धर्मग्रंथाच्या ज्ञानापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुना डाव होय, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले होते. म्हणून ५० कुटुंबांच्या गावाने लेखनवाचन शिकविणारा शिक्षक नेमावा, आणि १०० कुटुंबांच्या गावाने महाविद्यालयाची पूर्वतयारी करून घेणारी लॅटिन शाळा काढावी, असे ठरले. शाळा न काढणाऱ्या गावास ५ पौंड दंड होता.

मुलांचे पहिले पुस्तक म्हणजे एक लहानशी लाकडी फळी. तिच्यावरील कागदावर मुळाक्षरे व प्रभूची प्रार्थना छापलेली असे, आणि वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसविलेला असे. वाचणे व लिहिणे ही तेव्हा दोन निराळी कौशल्ये मानीत. मुलींना बहुधा वाचनापुरतेच शिकवीत. त्यामुळे बायबल वाचू शकणाऱ्या कित्येक स्त्रिया सहीऐवजी खूण करीत. मुलींनी ग्रंथातील वचन ग्रहण करावे, आपले म्हणणे कागदावर मांडण्याची त्यांस गरज नाही, हाच या पद्धतीचा गर्भितार्थ होता.

परंतु ग्रंथ हाती आला की अर्थावर पहारा ठेवणे अवघड होते. याचा अनुभव वसाहतीस या कायद्यांपूर्वीच आला होता. ॲन हचिन्सन ही बॉस्टनमधील स्त्री आपल्या घरी प्रवचनांची चर्चा करी व उपदेशकांवर टीका करी. १६३७ साली तिच्यावर खटला झाला. वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुणींस शिकवावे, या बायबलच्याच आज्ञेचा तिने न्यायाधीशांपुढे आधार घेतला. तिला हद्दपारीची शिक्षा झाली.

दक्षिणेकडील व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली याने मात्र हा धोका नेमका हेरला होता. आपल्याकडे मोफत शाळा नाहीत व छापखाना नाही याबद्दल त्याने १६७१ साली देवाचे आभार मानले. विद्येमुळे अवज्ञा व पाखंड माजते, असे त्याचे मत होते. विद्येचे सामर्थ्य या विद्याद्वेष्ट्याने अचूक ओळखले, असेच म्हटले पाहिजे.

प्यूरिटनांनी मतभेद सहन केला नाही. पण मतभेदाचे साधन त्यांनी स्वतःच, कायदा करून, घरोघर पोचविले. अक्षर शिकविणाऱ्यास अर्थ आपल्यापाशी राखून ठेवता येत नाही. आज्ञाधारक वाचक घडवू पाहणाऱ्या प्रत्येक शाळेने हे ध्यानी ठेवावे.