एका वेळी एकच काडतूस

२००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी झाली ती मँचेस्टरपासून दूर, सरे परगण्यातल्या बिस्लीला. तिथं अंजली भागवतांनी चार सुवर्णपदकं मिळवली, त्यांतली दोन ५० मीटर रायफलची. या रायफलीला मॅगझिनच नसतं. दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा, .२२चं काडतूस बोटांनी खाचेत ठेवायचं, बोल्ट पुढे ढकलायचा.

हा जुनाटपणा नव्हे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. काडतूस नळीत सरकतं आणि कड तोंडाशीच अडते. म्हणून ते दर वेळी तितकंच खोल बसतं. पेट घेणारं रसायनही या कडेच्या पोकळीतच असतं, पिन तिथंच आदळते. रिकामं टरफल ओढणारा आकडाही हिलाच धरतो.

पण काडतुसं एकावर एक रचली की हीच कड नडते. ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्डमध्ये .३०३ काडतुसं भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे लागे. उलटं झालं, तर वरचं निघताना खालच्यात अडकणारच! शिवाय .२२ची गोळी मऊ शिशाची. मॅगझिनमधून चढताना तिचं नाक घासलं, तर नेमबाजानं श्वास रोखून काय उपयोग? दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.